कॅमशाफ्टचं बेअरिंग गेलं, म्हणून इंजिन उतरवायचं?

मे महिन्यातली गोष्ट. माझे आतोबा इंदुरात सुदामानगरहून पलासियाला निघाले होते. सिग्नलला गाडी थांबली की डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा, जरा रेस केली की विझायचा. इंजिनाच्या वरच्या बाजूनं टक्-टक् असा आवाजही येत होता. गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून दोन मिनिटं ऐकलं आणि सांगून टाकलं, "साहब, कॅम की बेअरिंग गई. इंजन उतारना पडेगा." खर्चाचा अंदाज ४२,००० रुपये, आणि गाडी १३ वर्षांची. रात्री आतोबांचा फोन आला. "अरे, हे कॅमचं बेअरिंग असतं तरी काय? आणि त्याच्यासाठी अख्खं इंजिन खाली काढावं लागतं का?"

पिथमपूरला इंजिनांच्या जुळणीवर मी २२ वर्षं काढली. हा प्रश्न मला ओळखीतल्या निदान दहा जणांनी विचारला असेल, आणि त्यातल्या तिघा-चौघांनी उत्तर मिळायच्या आधीच गाडी भंगारात दिली होती. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी कॅमशाफ्ट म्हणजे काय ते

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला झडपा असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. या झडपा ठरल्या वेळी उघडायच्या आणि मिटायच्या, हे काम कॅमशाफ्टचं. हा एक लांब दांडा असतो आणि त्यावर जागोजागी अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. टांग्याचं चाक एका बाजूला फुगलेलं असेल तर दर फेरीला टांगा एकदा उसळेल. तसाच हा उंचवटा दर फेरीला झडपेला एकदा दाबतो.

खाली पिस्टनला जोडलेला क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. मीटरवर ३,००० आरपीएम दिसत असतील तेव्हा कॅमशाफ्ट मिनिटाला १,५०० फेऱ्या घेत असतो, म्हणजे सेकंदाला २५. आणि प्रत्येक फेरीत घट्ट स्प्रिंगांच्या झडपा त्याला उलट्या दिशेनं रेटत असतात. हा रेटा सोसायला दांड्याला जिथे जिथे आधार दिलेला असतो, ती जागा म्हणजे बेअरिंग. दांड्याचा त्या आधारात बसणारा गोल, गुळगुळीत भाग म्हणजे जर्नल. एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुढचं सगळं कळेल.

इथे गोळ्या नसतात

बेअरिंग म्हटलं की आपल्याला सायकलच्या चाकातले छर्रे आठवतात. बहुतेक गाड्यांच्या कॅमशाफ्टला तसलं काही नसतं. एक गोल भोक आणि त्यात फिरणारा दांडा, बस्स. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आसावर फिरतो, त्यातलाच हा प्रकार. वंगण संपलं की बैलगाडी करकरते आणि आस खायला लागते. इंजिनात वंगण पंपानं दाबून पोहोचवलेलं असतं, एवढाच फरक.

दांडा आणि भोक यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. पुष्कळ छोट्या गाड्यांत ती ०.०४ ते ०.०९ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढी. त्या फटीत ऑइल भरतं आणि दांडा त्या ऑइलवर तरंगत फिरतो. ओल्या ओट्यावर उपडी ठेवलेली वाटी कधी कधी जराशा धक्क्यानंही सरकत जाते, कारण तिच्याखाली पाण्याचा पातळ थर असतो. इथेही तसंच. ऑइलचा थर शाबूत आहे तोवर धातूला धातू लागत नाही, आणि एरवी लाखभर किलोमीटर चालूनही बेअरिंगवर ओरखडा दिसत नाही. म्हणून बेअरिंग झिजलेलं दिसलं, की मला पहिली शंका येते ती ऑइल तिथवर पोहोचत नसल्याची.

तिसऱ्या मजल्यावरचं पाणी

इंदूरकरांना ऑइल प्रेशर समजावणं सोपं आहे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून पंपानं येतं. खालच्या मजल्यावर कुणाची लाइन फुटली की तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला नुसती बारीक धार येते. इंजिनात पंप तळाशी असतो. ऑइल आधी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना जातं आणि मग वर कॅमशाफ्टकडे चढतं. म्हणजे कॅमशाफ्ट हा तिसरा मजला. थंड इंजिन सुरू केल्यावर त्याला ऑइल सगळ्यात उशिरा मिळतं, आणि पंपाची जाळी तुंबली तर सगळ्यात आधी तोच कोरडा पडतो.

उलटही होतं. कॅमशाफ्टच्या बेअरिंगमधली फट वाढली की ऑइल तिथून भसाभस गळून परत तळाला जातं आणि सगळ्या लाइनचं प्रेशर पडतं. आतोबांचा दिवा सिग्नलला लागत होता तो यामुळेच असू शकत होता. गाडी उभी असताना पंप हळू फिरतो, ऑइल तापून पातळ झालेलं असतं, मग गळती भारी पडते.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगतो. हा लाल दिवा ऑइल थोडं कमी झाल्याचा इशारा देत नाही. प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेल्यावर तो लागतो, म्हणजे जवळजवळ काहीच उरलेलं नसतं तेव्हा. दिवा लागला की गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. घर दोन किलोमीटरवर असलं तरी.

तुमच्या गाडीत कॅमशाफ्ट आहे कुठे?

इंजिन उतरवायचं की नाही, हे या एका प्रश्नावर ठरतं. इंजिनाचे ढोबळ मानानं दोन भाग धरा. खालचा जड ठोकळा म्हणजे ब्लॉक, त्यात पिस्टन वरखाली होतात. त्यावर बोल्टांनी आवळलेलं झाकण म्हणजे हेड, त्यात झडपा असतात.

आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास सगळ्या पेट्रोल-डिझेल कारमध्ये कॅमशाफ्ट वर, हेडवर असतो. ही रचना नवी नाही. आपले महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्याकडे १९३० च्या दशकातली ड्यूसेनबर्ग होती, तिच्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर त्या काळी दोन-दोन कॅमशाफ्ट डोक्यावर फिरत होते. पण आपल्याकडच्या अँबॅसिडर, पद्मिनी आणि जुन्या जीप यांच्यात कॅमशाफ्ट खाली ब्लॉकच्या पोटात असायचा आणि लांब सळयांनी वरच्या झडपा ढकलायचा.

कॅमशाफ्ट हेडवर असेल तर टॅपेट कव्हर, म्हणजे हेडच्याही वरचं झाकण, काढलं की तो समोर दिसतो. दांड्याच्या अर्ध्या गोलाखाली हेडचं ॲल्युमिनियम, वरच्या अर्ध्या गोलावर छोट्या कमानी, त्यांना कॅप म्हणतात. आणि आता सगळ्यांना चकवणारी गोष्ट: या बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्टचं बेअरिंग नावाचा सुटा पार्ट नसतोच. हेडचं ॲल्युमिनियम हेच बेअरिंग. काही इंजिनांत एखाद्या जर्नलखाली पातळ पत्र्याची अर्धगोल वाटी असते, ती मिळते आणि बदलता येते. बाकी ठिकाणी तुम्ही दुकानात जाऊन कॅमचं बेअरिंग मागितलं तर दुकानदार कुठून देणार?

नख आणि लाल धागा

म्हणून पैसे ठरवण्याआधी मोजायचं. आतोबांना मी देवास नाक्याजवळच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. तिथल्या मिस्त्रीनं आधी ऑइल स्विच काढून त्या जागी काट्याचं मीटर लावलं आणि इंजिन तापू दिलं. स्विच बिघडला तरी दिवा लागतो, आणि दोन-तीनशे रुपयांच्या स्विचसाठी इंजिन खोललेले लोक मी पाहिले आहेत. इथे मीटरनंही प्रेशर कमीच दाखवलं, म्हणजे दिवा खरं बोलत होता. मग टॅपेट कव्हर उघडलं.

कॅप मधल्यांपासून खोलायच्या की कडेच्या, हे कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे. एकेक बोल्ट थोडा-थोडा सैल करत. एकच बाजू झटकन मोकळी केली तर स्प्रिंगांच्या रेट्यानं कॅमशाफ्ट मोडू शकतो. प्रत्येक कॅपवर नंबर आणि बाण असतो. दुसऱ्या नंबरची कॅप मिस्त्रीनं माझ्या तळहातावर ठेवली. आतली बाजू उन्हाकडे धरली तर चांगल्या कॅपसारखी एकसारखी राखाडी दिसत नव्हती, बारीक उभ्या रेघा उठल्या होत्या. मी अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. पहिल्या कॅपवरून ते सरकन गेलं, या कॅपवर दोनदा अडकलं. नख अडकलं तर झीज खरी.

किती झीज, हे बघायला एक मेणासारखा मऊ धागा मिळतो, प्लास्टिगेज. हिरवा धागा ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटरच्या फटीसाठी, लाल ०.०५१ ते ०.१५२ साठी. झिजलेल्या बेअरिंगला लाल घ्यावा. जर्नल पुसून कोरडा करायचा, धाग्याचा तुकडा दांड्याच्या लांबीच्या दिशेनं ठेवायचा, कॅप ठरल्या टॉर्कनं, म्हणजे ठरल्या जोरानं, आवळायची आणि दांडा अजिबात न फिरवता परत खोलायची. धागा चपटा झालेला असतो. त्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून बघायची. जास्त चपटा म्हणजे फट कमी, सडपातळ राहिला म्हणजे फट जास्त. त्या वेळी झडपांचा रेटा दांड्यावर नको, म्हणून कॅमचा दाब झडपेपर्यंत नेणारे मधले रॉकर किंवा टॅपेट आधी काढावे लागतात. ही पायरी गाळली तर आकडा खोटा येतो.

आतोबांच्या गाडीत पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या जागी धागा नीट चपटा झाला. दुसऱ्या जागी तो अरुंदच राहिला, फट ०.१३ च्या आसपास. अशा इंजिनांना साधारण ०.१२ ही शेवटची मर्यादा धरतात. म्हणजे गॅरेजवाल्याचं अर्धं निदान बरोबर होतं.

मग बदलायचं काय?

आधी दांडा बघायचा. मायक्रोमीटरनं जर्नल मोजले आणि दांडाच बारीक झालेला निघाला, तर नवा कॅमशाफ्ट टाकून काम भागतं. इंजिन, हेड, काही हलवावं लागत नाही. दांडा पोलादाचा किंवा बिडाचा असतो आणि ॲल्युमिनियम मऊ, त्यामुळे बहुधा झिजलेलं हेडच निघतं. कॅमशाफ्ट थेट झडपेच्या डोक्यावर बसतो त्या इंजिनांत स्प्रिंगा त्याला वर ढकलतात, म्हणून आधी कॅप खाल्ली जाते.

मग नुसती कॅप नवी घ्यावी, असं वाटणं साहजिक आहे. ती सुटी मिळत नाही. कारखान्यात कॅप हेडवर आवळून मग सगळी भोकं एका रेषेत एकदम बोअर केलेली, म्हणजे कोरलेली, असतात. दुसऱ्या हेडची कॅप आणून लावली तर वरचा अर्धा गोल आणि खालचा अर्धा गोल जुळणार नाहीत. नंबर चुकवून कॅप लावल्यानंही हेच होतं, आणि हे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गॅरेजमध्ये घडतं.

उरतात दोन रस्ते. एक, हेड काढून मशीन शॉपला द्यायचं. तिथे कॅपचा तळ किंचित घासून भोकं पुन्हा मूळ मापाला एका रेषेत बोअर करतात, किंवा मोठी बोअर करून त्यात बुश (बांगडीसारखी नळी) बसवतात, किंवा खाल्लेल्या जागी ॲल्युमिनियमचं वेल्डिंग भरून नव्यानं बोअर करतात. दोन, दुसरं चांगलं हेड आणायचं. दोन्ही रस्त्यांत हेड निघतं आणि ब्लॉक गाडीतच, आपल्या माउंटिंगवर बसलेला राहतो. इंजिन उतरवायचा प्रश्नच येत नाही.

कॅपचा तळ हातानं कानशीवर घासून किंवा खाली पत्र्याचं पान घालून फट जुळवणारे लोक आहेत. त्यांना हे करू देऊ नका. असं केल्यानं भोक गोल न राहता लंबगोल होतं, वरखाली घट्ट आणि बाजूला सैल. ऑइलचा थर तिथे टिकत नाही आणि दांडा पकडला जातो.

मग गॅरेजवाले उतरवा का म्हणतात?

प्रत्येक वेळी त्यात लबाडी असते असं मी म्हणणार नाही. काही गाड्यांत टायमिंग चेनचं (क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचं) कव्हर काढायला खालचं चेंबर (तळाची ऑइलची टाकी) सैल करावं लागतं, एका बाजूची माउंटिंग सोडून इंजिन जॅकवर तोलावं लागतं, आणि बॉनेटखाली हात शिरायला जागा नसते. दुपारचे ४३ अंश असताना वाकून सहा तास काम करण्यापेक्षा इंजिन बाहेर काढून टेबलावर ठेवलं तर मिस्त्रीला सोयीचं पडतं. तापून हेड आणि ब्लॉक दोन्ही खराब झाले असतील, किंवा प्रेशर पडल्यामुळे क्रँकशाफ्टची बेअरिंगही गेली असतील, तर उतरवणं योग्यच. तुम्ही विचारायचं ते एवढंच: "क्रँकची बेअरिंग गेलीत असं कशावरून म्हणता?" ज्यानं मोजलं आहे त्याच्याकडे आकडा असतो.

अँबॅसिडर आणि जीपवाल्यांसाठी

ज्यांच्याकडे अजून जुनी गाडी आहे, त्यांचं गणित वेगळं. अँबॅसिडरचं उत्पादन २०१४ साली थांबलं, पण तिच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे जाणकार इंदुरात अजून आहेत. या इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये तीन जागी पोलादी बुशांत फिरतो. बुश म्हणजे बांगडीसारखा नळीचा तुकडा, आतून मऊ पांढऱ्या धातूचा थर दिलेला. हा मात्र खरोखर सुटा, बदलायचा पार्ट आहे.

इंजिन न उतरवता तिथवर पोहोचता येतं का? येतं. पुढची जाळी आणि रेडिएटर काढायचा, टायमिंग कव्हर आणि चेन काढायची, वरचे रॉकर, सळया, बाजूच्या झाकणांतून टॅपेट, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, खालचं चेंबर आणि ऑइल पंप हे सगळं मोकळं करायचं, आणि मग कॅमशाफ्ट पुढच्या बाजूनं अलगद ओढायचा. पुढचा बुश हाताशी येतो. मधला आणि मागचा लांब दांड्याच्या ओढणीनं काढता येतो, असं सांगणारे भेटतील.

माझं मत विचाराल तर पुढच्या बुशापुरतंच हे धाडस करा. बुशाला ऑइलचं भोक असतं आणि ते ब्लॉकमधल्या भोकासमोरच यावं लागतं. चार-पाच मिलिमीटर फिरलं की ऑइल बंद. ते आत अंधारात जुळवायचं. शिवाय नवे बुश ठोकून बसवल्यावर तिन्ही एका रेषेत रीमर फिरवून मापाला आणायचे असतात. रीमरचा कीस पडतो तो इंजिनाच्या पोटात आणि ऑइलच्या नळ्यांत. तो सगळा धुऊन निघाला याची खात्री गाडीखाली झोपून कोण देणार? तिन्ही बुश बदलायचे असतील तर इंजिन खाली काढा, त्यात कमीपणा नाही.

विलिस जातीच्या जुन्या पेट्रोल जीपला चार आधार असतात आणि बदलता येण्याजोगा बुश फक्त पुढच्या आधाराला असतो. बाकी तीन जागी कॅमशाफ्ट थेट ब्लॉकच्या बिडात फिरतो. त्यामुळे जीपचं पुढचं काम गाडीतल्या गाडीत होण्यासारखं आहे, मागचं झिजलं तर ब्लॉक मशीनवर जाणार.

जाड ऑइल टाकून चालवली तर?

हा सल्ला हमखास मिळतो. जाड ऑइल झिजलेल्या फटीतून कमी गळतं, दिवा विझतो, आवाज दबतो. पण सकाळी थंड इंजिनात तेच ऑइल तिसऱ्या मजल्यावर चढायला जास्त वेळ घेतं, आणि तोवर दांडा कोरडा फिरतो. गाडी विकायला काढणाऱ्याला हा उपाय आवडतो, विकत घेणाऱ्यानं म्हणूनच थंड इंजिन सुरू करून बघावं.

नवं हेड बसवलं की संपलं का?

मूळ कारण तसंच राहिलं तर नवं हेडही तसंच जाईल. ऑइल वेळेवर न बदलल्यानं काळा चिकट गाळ साचतो आणि बारीक नळ्या बंद होतात. हेडकडे जाणाऱ्या वाटेवर काही इंजिनांत अगदी बारीक छिद्र असतं, एक कण अडकला तरी पुरे.

दुसरं कारण गाडी तापणं. उन्हाळ्यात कूलंट गळून गाडी उकळली की हेड धनुष्यासारखं वाकतं. मशीन शॉपवाला खालच्या बाजूचं फेसिंग करून ते सपाट करून देतो. गॅसकेट नीट बसतं, पण वरच्या बाजूला कॅमशाफ्टची भोकं वाकलेलीच राहतात. सरळ दांडा वाकड्या रेषेत फिरवला की एक-दोन कॅप खाल्ल्या जाणारच. हे बघायला यंत्र लागत नाही. हेडमध्ये रॉकर-टॅपेट न बसवता नुसता कॅमशाफ्ट ऑइल लावून ठेवा, सगळ्या कॅप टॉर्कनं आवळा आणि हातानं फिरवा. बोटांनी सहज फिरला पाहिजे. फेसिंग करून आलेल्या प्रत्येक हेडवर हे करायला सांगा.

जुळणी झाल्यावर चावी मारायच्या आधी क्रँक पान्यानं हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा. टायमिंग एक दात चुकलं असेल तर झडप पिस्टनवर अडकल्याचं हाताला कळतं. स्टार्टरला कळत नाही, तो झडप वाकवूनच थांबतो. मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून स्टार्टर थोडा-थोडा मारायचा, मीटरचा काटा वर चढेपर्यंत. कॅमशाफ्ट ओला झाल्यावरच इंजिन पेटू द्यायचं. ऑइल आणि फिल्टर नवे, आणि हजार किलोमीटरच्या आत पुन्हा एकदा नवे.

आतोबांच्या गाडीचं चेंबर उघडलं तेव्हा पंपाची जाळी अर्धी झाकलेली होती. गाळ फारसा नव्हता. नारिंगी सिलिकॉनच्या चिवट पापड्या होत्या, दोन वर्षांपूर्वी चेंबरची गळती थांबवताना कुणीतरी हात सैल सोडून लावलेल्या सिलिकॉनच्या. जास्तीचं आत दाबलं गेलं, सुकलं, तुटलं आणि जाळीवर जाऊन बसलं. क्रँकची एक बेअरिंग-वाटी काढून पाहिली, ती चांगली होती. मापं घेऊन दुसऱ्या गाडीचं जुनं पण चांगलं हेड आणलं, जाळी बदलली, इंजिन जिथल्या तिथे राहिलं. एकूण खर्च अंदाजाच्या निम्म्याच्याही आत आला. त्या पापड्या आतोबांनी कागदाच्या पुडीत बांधून गाडीच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, पुढच्या वेळी चेंबर उघडणाऱ्याला आधी दाखवायला.